एका पानाले दोन दिवस

मागच्या महिन्यात गावच्या शाळेची भिंत रंगवायला घेतली आणि तेव्हापासून एक स्पॅनिश म्हातारा डोक्यात येऊन बसला आहे, काही केल्या उतरून नाही राहिला. घरी सांगून झालं, टपरीवर सांगून झालं, टपरीवाला तर आता मी दिसलो की "आला मुतिसवाला" म्हणते. हो, नाव मुतिसच आहे. होसे सेलेस्तिनो मुतिस. पोट्टे नाव ऐकूनच खिदळतात, पुढचं ऐकतच नाही, म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहून टाकतो, ज्याला हसायचं त्याने इथेच हसून घ्या.

मी पेंटर. म्हणजे अर्धा पेंटर आणि अर्धा कास्तकार, चार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि मधात तुरीच्या ओळी. आधी पूर्ण पेंटर होतो. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, इलेक्शनच्या टायमाला तर हात दुखेपर्यंत काम. मग फ्लेक्स आला. फ्लेक्सबद्दल मी जास्त बोलत नाही, बीपी वाढते. आता काय राहिलं तर ट्रॉलीच्या मागचं 'आईबाबांचा आशीर्वाद', देवळाचा कळस, आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. बैलांचं काम दरवर्षी असते, श्रावणात घरात पाय ठेवायला जागा नसते, जिकडे पाहावं तिकडे बैल वाळत असतात.

तर शाळेचे सर म्हणाले, "पेंटर, यंदा भिंतीवर कार्टून नको. आपल्या शिवारातल्या वनस्पती काढा, नावासकट." मी म्हटलं काढतो की, त्यात काय. एका दिवसात चार झाडं काढली. हिरवा गोळा, खाली काडी, वर पाच पाकळ्यांचं फूल, आणि खाली मस्त अक्षरात 'एकदांडी', 'आघाडा', 'तरोटा', 'केना'. अक्षर माझं चांगलं आहे, ते कोणीही सांगेल. सर आले, बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले नावं पुसली तर कोणतं कोणतं ते तुम्हाला तरी ओळखू येईल काय?

लागलं ना बाप्पा. पण खोटं नव्हतं.

मग त्यांनी मोबाईलवर एक चित्र दाखवलं. एक वेल, कागदाच्या बरोबर मधातून वर चढलेली, दोन्ही अंगाला पानं अशी की तराजूत तोलून लावली असावी. मागे काही नाही, कोरा कागद. आणि एक पान, फक्त एकच, मुद्दाम उलटं वळवलेलं, मागच्या शिरा दिसाव्या म्हणून. खाली फूल खोलून ठेवलेलं, पाकळी वेगळी, केसर वेगळे, बी वेगळं, जसं मेकॅनिक इंजिन खोलून पोत्यावर एकेक पार्ट मांडून ठेवते तसं. मी ते उलटं पान मोठं करून करून पाहिलं. पानाच्या वरच्या बाजूचा हिरवा वेगळा आणि खालच्या बाजूचा वेगळा, थोडा राखट, जसा खरंच असते. आता मला सांगा, तीस वर्षं ब्रश धरला, शेतात जन्म गेला, पण पानाची खालची बाजू वेगळ्या रंगाची असते हे मी एकदाही रंगवलं नव्हतं. पाहिलं असेल, पण रंगवलं नव्हतं.

सर म्हणाले हे सव्वादोनशे वर्षांआधीचं आहे, दक्षिण अमेरिकेतलं. माद्रिदच्या रॉयल बोटॅनिकल गार्डनने सगळी चित्रं स्कॅन करून नेटवर टाकली आहेत, फुकट. त्या रात्री माझा दीड जीबी डेटा एका बसण्यात संपला.

आता म्हाताऱ्याची कहाणी. जन्म १७३२ चा, कादिझचा, म्हणजे स्पेनच्या दक्षिणेकडचं समुद्रावरचं बंदर. शिकून डॉक्टर झाला. त्या काळात आजचा कोलंबिया आणि आजूबाजूचा मुलूख स्पेनच्या राजाच्या ताब्यात होता, न्यू ग्रानादा म्हणत. तिथे नवीन व्हाइसरॉय चालला होता, त्याचा घरचा डॉक्टर म्हणून हा १७६० साली जहाजात बसला. वय अठ्ठावीस. परत कधीच आला नाही. पण डॉक्टरकी हे निमित्त होतं, याला तिथली झाडं पाहायची होती. १७६३ साली राजाला अर्ज केला, की इथल्या निसर्गाचा नीट अभ्यास करायला एक मोहीम मंजूर करा. उत्तर नाही. १७६४ ला पुन्हा अर्ज. उत्तर नाही.

मंजुरी आली १७८३ साली. वीस वर्षांनी! आमच्या विहिरीच्या अनुदानाची फाईल सहा वर्षं फिरली तेव्हा मी तालुक्याला जाऊन जाऊन चप्पल झिजवली होती आणि इथे हा माणूस वीस वर्षं बसला, पण रिकामा नाही बसला हे महत्त्वाचं. बोगोताच्या, म्हणजे तिथल्या राजधानीच्या, कॉलेजात गणित शिकवलं, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं पोरांना सांगितलं म्हणून तिथल्या पाद्री लोकांशी वाजलं, आणि गंमत म्हणजे १७७२ ला हा स्वतःच पाद्री झाला होता. चांदीच्या खाणीवर काम केलं. पेशंट पाहिले. मुंग्यांच्या मागे मागे फिरला, त्यांची बिळं, त्यांच्या रांगा, कोण काय वाहून नेते ते सगळं लिहून ठेवलं. आणि स्वीडनच्या लिनियसला, म्हणजे ज्याने झाडांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत बसवली त्याला, पत्रं लिहिली, वाळवलेली झाडं पाठवली. दोघांची भेट कधीच झाली नाही. लिनियसने याच्या नावावरून एका वेलीला मुतिसिया नाव दिलं, ते छापलं मग त्याच्या पोराने, आणि लिनियसने असंही कळवलं होतं की हे नाव कोणता काळ पुसू शकणार नाही. आमच्या टपरीवरचे पोट्टे पुसायला तयार आहेत, पण ते जाऊ द्या.

मंजुरी आली तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा. आमच्याकडे या वयात माणूस सूनमुख पाहायच्या गोष्टी करते. याने मारिकिता नावाच्या गरम हवेच्या गावात कारखाना टाकला. मी कारखानाच म्हणतो, कारण ते तसंच होतं. झाडं गोळा करणारे लोक वेगळे, ते पहाटे जंगलात जाऊन ताजी फांदी आणत, आणि चित्रकार टेबलावर तयार बसलेले. फांदी सुकायच्या आत काम सुरू. पगार रोजीने. दिवसाचे नऊ तास, आणि बोलायचं नाही. नऊ तास चिडीचूप! मी रेडिओशिवाय एक बैल रंगवू शकत नाही.

आणि हे चित्रकार कोण, तर बहुतेक स्पेनहून आणलेले मोठे साहेब नाही, तिथलेच. कीतो शहर, म्हणजे आजच्या इक्वादोरची राजधानी, तिथे देवदेवतांची चित्रं आणि मूर्ती रंगवायची जुनी परंपरा होती, तिकडून पाच जण १७८७ च्या सुमारास आले, नंतर आणखी येत गेले. म्हणजे ज्यांचा हात येशू आणि मरियम रंगवण्यात बसला होता त्यांना याने गवत रंगवायला बसवलं. हे वाचून मला इतकं बरं वाटलं, कारण मीसुद्धा मारुती आणि गजानन महाराज रंगवूनच शिकलो. रंग ते तिथेच तयार करत, झाडपाल्यातून, मातीतून, खनिजांतून, घोटून घोटून. ही गोष्ट मी आमच्या म्हाताऱ्या मावशीला सांगितली तर ती म्हणे, "मंग त्यात काय नवं, आमी नाई का होईले पयसाची फुलं उकळत?" बरोबर आहे. पण मावशी, पळसाचा रंग अंगावरून आठ दिवसांत जाते, यांचा दोनशे वर्षांत नाही गेला.

त्यातला एक मातीस. फ्रान्सिस्को हावियेर मातीस, ग्वादुआस गावचा. याच्याबद्दल हम्बोल्ट म्हणाला की जगातला सगळ्यात भारी फुलांचा चित्रकार हाच. हम्बोल्ट म्हणजे जर्मनीचा मोठा शास्त्रज्ञ, १८०१ साली मुद्दाम वाट वाकडी करून, नदीतून, डोंगर चढून, बोगोताला मुतिसला भेटायला आला होता, दोन महिने राहिला. म्हाताऱ्याची लायब्ररी पाहूनच त्याचे डोळे फिरले म्हणे.

मातीसची साप चावून घ्यायची गोष्ट तर आमच्या शिवारातल्या कोणाला सांगितली की लगेच कान टवकारतात. मारिकिताला पिओ नावाचा एक काळा गुलाम होता, त्याला साप धरता येत. तो म्हणे एक पक्षी साप मारायच्या आधी एका वेलीची पानं खाते, त्या वेलीला तिकडे ग्वाको म्हणत. आपल्याकडे नाही का सांगत, मुंगूस लढाईच्या मधात जाऊन कोणती तरी मुळी खाऊन येते? डिट्टो. तर १७८८ साली मातीसने हातापायाला चिरे देऊन त्या पानांचा रस भरून घेतला, रस प्यायला, आणि जिवंत विषारी सापाला हात लावला. साप चावला. मातीस वाचला, आणि १८५१ पर्यंत जगला. आता हे वाचून कोणी शहाणपणा करू नका बरं. साप दरवेळी विष सोडतेच असं नाही, आणि एक माणूस वाचला म्हणजे औषध सिद्ध नाही होत. आमच्या इकडे घोणस आणि मण्यार दोन्ही आहेत, पावसाळ्यात निंदायला जाणाऱ्या बायांना विचारा. साप चावला की पाला नाही, बुवा नाही, सरळ दवाखाना आणि प्रतिविषाचं इंजेक्शन. आमच्या शेजारच्या घरात हे उलट्या क्रमाने झालं होतं, त्याबद्दल नाही लिहीत.

पण राजाला या फुलापानात काय मिळत होतं, हा प्रश्न मला पडला. कारण फुकट तर कोणी रोजी देत नाही. राजाला पाहिजे होता पैसा. आणि पैसा होता सिंकोनाच्या सालीत. हिवतापावर तेव्हा सगळ्यात खात्रीचं औषध, ही साल. आमची आजी 'कोयनेल' म्हणायची, कडूपणाची तिची मोजपट्टीच ती होती, कारलं कडू झालं तरी म्हणायची कोयनेलसारखं झालं. ते कोयनेल या झाडाचं. पुढे इंग्रजांनी याचे मळे आपल्या निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे लावले, आणि पोस्टात पुड्या विकायला ठेवल्या. गडचिरोलीकडे ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना हिवताप काय चीज आहे हे मी सांगायला नको.

मुतिसने या सालीवर वर्षानुवर्षं काम केलं, १७९३-९४ मध्ये बोगोताच्या पेपरात लेखमाला लिहिली, साल चार जातींत वाटली: नारिंगी, तांबडी, पिवळी, पांढरी, आणि कोणती कोणत्या तापाला ते सांगितलं. आणि इथे म्हातारा चुकला. सगळ्या सालींत ते औषधी तत्त्व सारखं नसते, काहींत तर नसल्यात जमा, आणि ते तत्त्व वेगळं काढायची रीतच तेव्हा कोणाला माहीत नव्हती, ते तत्त्व म्हणजे क्विनाईन, आजीचं कोयनेल, फ्रान्समध्ये १८२० साली वेगळं झालं, म्हणजे हा मेल्यावर. शिवाय बोगोताजवळ हे झाड पहिल्यांदा कोणाला सापडलं यावरून लोपेस रुइस नावाच्या पनामाच्या डॉक्टरशी याचं भांडण, तेही वर्षानुवर्षं, अर्जावर अर्ज, धुऱ्याच्या भांडणासारखं. त्यात कोण खरं हे मी ठरवणारा कोण, पण एवढ्या मोठ्या माणसाने त्यात इतकी शाई घालवली याचं वाईट वाटलं.

१७९१ साली सगळा कारखाना बोगोताला हलवला. तिथे साल्वादोर रिसो नावाचा माणूस सगळं सांभाळायचा, स्वतः चित्रकार, आणि हिशोब, कागद, रंग, लोकांची हजेरी सगळं त्याच्याकडे. त्याने गावातल्या पोरांसाठी चित्रकलेची फुकट शाळा चालवली, तिथून शिकलेली पोरं पुढे त्याच टेबलावर बसली. मला या पूर्ण कहाणीत सगळ्यात जास्त आवडलेला माणूस हाच. म्हाताऱ्यापेक्षाही जास्त.

कारण म्हाताऱ्यावर माझा एक राग आहे. मोहिमेची पंचवीस वर्षं, चित्रं सहा हजारांच्या वर, आणि छापलं काय? काही नाही. त्या झाडांचा जो मोठा ग्रंथ करायचा होता तो झालाच नाही. आज हे राहिलं, उद्या ते बाकी आहे, अजून एक जात सापडली, हे पान बरोबर नाही आलं, पुन्हा काढा. ११ सप्टेंबर १८०८ ला मेला तेव्हा टेबलं तशीच चालू होती. काही चित्रं तर अर्धीच आहेत, पूर्ण झाड आखलेलं आणि रंग फक्त एक-दोन पानांना. ती अर्धी चित्रं पाहताना माझ्या पोटात कसंतरी होते, माझ्या घरात असे अर्धे बैल असतात ना, ज्यांचं गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं आणि परत आलंच नाही. पण दुसरीकडे असंही वाटते की घाई केली असती तर ते उलटं पान निघालं असतं का. मी घाईच करत आलो आहे जन्मभर, दिवसाला चार भिंती, म्हणून मला माहीत आहे घाईत काय निघते. हिरवा गोळा.

मग तिकडे स्वातंत्र्याची लढाई पेटली. रिसो लढाईत गेला. मुतिसचा चेला काल्दास, ज्याला म्हाताऱ्याने बोगोताच्या वेधशाळेवर बसवलं होतं, तोही. स्पेनची फौज परत आली आणि ऑक्टोबर १८१६ मध्ये दोघांनाही गोळ्या घालून मारलं. जो माणूस लोकांना ब्रश कसा धरायचा ते शिकवायचा, त्याला भिंतीला... जाऊ द्या. १८१७ साली सगळी चित्रं, वाळवलेली झाडं, बिया, लाकडाचे नमुने, शंभरावर पेट्यांत भरून जहाजातून स्पेनला नेले. ज्यांनी काढली ते तिथेच मेले आणि चित्रं राजाच्या घरी. माद्रिदला ती पडून राहिली, छापायला सुरुवात झाली १९५४ साली. मोजा किती वर्षं. मुतिसचा फोटो स्पेनच्या दोन हजार पेसेतांच्या नोटेवर आला. रिसोचा नाही आला.

मातीस मात्र बोगोतातच राहिला, म्हातारपणी पोरांना वनस्पती शिकवत, त्यातलाच एक त्रियाना पुढे मोठा वनस्पतीशास्त्रज्ञ झाला.

आता सहीची गोष्ट. पुष्कळ चित्रांवर सहीच नाही. पण ज्यांच्यावर आहे त्यात काहींच्या खाली नावापुढे लॅटिनमध्ये लिहिलेलं आहे, त्याचा अर्थ 'अमेरिकन माणसाने रंगवलं'. मालक स्पेनचा, राजा स्पेनचा, कागद साहेबाचा, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात हा सांगतो की हात इथला आहे. मी ते वाचून थांबलोच. आम्ही पेंटर लोक कोपऱ्यात 'अमुक आर्ट्स' आणि मोबाईल नंबर टाकतो, तेवढाही काही गिऱ्हाईक खोडायला लावतात. एकाने तर रंगाचे पैसे पूर्ण दिले आणि सहीवर स्वतः चुना मारला.

तर मी शाळेची चारही झाडं पांढरी केली. सरांना म्हटलं पैसे तेच द्या पण टाइम मला लागेल. धुऱ्यावरून एकदांडी उपटून आणली. ही सुद्धा अमेरिकेतूनच आलेली बरं का, तिकडच्या गरम भागातून, आणि आपल्याकडे अशी पसरली की विळा लागला की आपण तिचाच पाला चोळून जखमेवर लावतो, कोणाला वाटत नाही ही पाहुणी आहे. ती पाण्याच्या लोट्यात ठेवली आणि पायरीवर बसून पाहत बसलो. देठ सरळ, पण त्यावर बारीक लव. पान जाडसर, खरबरीत, कडेला दात, आणि खाली पाहिलं तर फिकट. आणि फुलात तर फसलोच मी, पिवळं-पांढरं एक फूल समजत होतो, ते एक फूल नाहीच, मधात पिवळी बारीक बारीक फुलं ठासून भरलेली आणि बाहेरून पाच-सहा पांढरट, प्रत्येकाच्या टोकाला तीन खाचा. ते मोजायला शेजारच्या पोट्ट्याचं भिंग मागून आणलं.

एक पान रंगवायला दोन दिवस गेले. बायको डबा घेऊन आली, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "एका पानाले दोन दिवस? आन् घरी चाळीस बैल बिनशिंगाचे बसले हाय, ते कोन करन?"

खरं आहे तिचं. पोळा तोंडावर आला आहे.

काल दुपारी उलटं पान पूर्ण झालं. तिसरीतला एक पोट्टा मागे उभा होता कधीचा, म्हणे, "पेंटरकाका, हे पान मोडलं काय?" म्हटलं नाही रे, खालून पाहा. तर तो खरंच भिंतीपाशी खाली वाकला आणि मान वर करून चित्राखालून पाहायला लागला. मी हसता हसता कोपऱ्यात सही टाकली, आणि सहीच्या पुढे बारीक अक्षरात 'वऱ्हाडी हात' असं लिहिलं, नंबर नाही टाकला. तेवढ्यात झड सुरू झाली, आणि पिवळा अजून ओला. शाळेत ताडपत्री नाही. मग तो पोट्टा वर्गातून युरियाचं रिकामं पोतं घेऊन आला, एक टोक त्याने धरलं, एक मी, आणि दोघंही भिंतीला चिकटून उभे, पाऊस पाठीवर घेत, घंटा होईपर्यंत.